सॉ मिल, सरकार आणि संसार



विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला गाठून विचारलं, की कॅनडातल्या सॉ मिलमधल्या कामगाराच्या घराण्याचा इतिहास आम्ही इथे बसून का ऐकायचा? प्रश्न रास्त आहे. घराण्याचा इतिहास म्हटलं की आपल्यासमोर सनदा येतात, वतनं येतात, मोडीतले कागद येतात, भिंतीवरच्या तसबिरीतले पगडीवाले पणजोबा येतात. सॉ मिलमध्ये ओल्या फळ्या ओढणाऱ्या माणसाकडे यातलं काय असणार? पगडी असते. ज्यांच्याविषयी मी बोलणार आहे ती माणसं बहुतेक सगळी शीख, म्हणजे तेवढी एक गोष्ट जुळते. बाकी काही नाही.

पण मला आज सांगायचं आहे ते असं. या माणसांच्या वंशावळीत आजोबा, आजी, आत्या, मामा हे सगळे आहेतच. त्यांच्याखेरीज आणखी एक पात्र पानोपानी येतं, आणि ते पात्र म्हणजे सरकार. लग्न कोणी कोणाशी केलं हे घरच्यांनी ठरवलं. नवराबायकोने एका छपराखाली राहायचं की नाही, मूल कधी जन्मणार, कुठल्या खंडात जन्मणार, हे ऑटावातल्या आदेशांनी ठरवलं. असा कुटुंबाचा इतिहास आपण सहसा वाचत नाही.

सुरुवात १९०४च्या आसपासची. होशियारपूर, जालंधर या भागांतून माणसं निघतात. बरेचसे शेतकऱ्यांचे मुलगे, काही पलटणीतून निवृत्त झालेले, काही सुतार-लोहारांच्या घरातले. जमीन थोडी, वाटेकरी जास्त, त्यात कर्ज. घरातल्या एकाने परदेशी जायचं, पैसे पाठवायचे, गहाण पडलेली जमीन सोडवायची. कलकत्त्याहून हाँगकाँग, तिथल्या गुरुद्वाऱ्यात मुक्काम, मग कॅनेडियन पॅसिफिक कंपनीच्या बोटीने व्हँकुव्हर. १९०८पर्यंत अशी पाचेक हजार माणसं ब्रिटिश कोलंबियात उतरली. जवळजवळ सगळे पुरुष, जवळजवळ सगळे तरणे.

काम काय मिळालं? रुळांचं, जंगलतोडीचं, आणि सगळ्यांत जास्त सॉ मिलचं. ब्रिटिश कोलंबिया म्हणजे डग्लस फर, हेमलॉक आणि लाल सीडर यांचा मुलूख. एकेक बुंधा असा की चार माणसांनी हात जोडले तरी कवेत येऊ नये. ही झाडं तोडून पाण्यात सोडायची, वाहवत गिरणीपाशी आणायची आणि कापायची.

इथे मी जरा थांबतो, कारण गिरणीच्या आत गेल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

ओंडका पाण्यातून साखळीवर चढून वर येतो आणि एका गाड्यावर पडतो. गाडा पुढेमागे धावतो आणि दर खेपेला करवत त्यातून एक फळी काढते. करवत चालवणारा जो मुख्य माणूस असतो, त्याला ओंडका पाहून क्षणात ठरवावं लागतं की यातून जाड तुळया काढायच्या की पातळ फळ्या, गाठ कुठे आहे, कुजकं कुठे आहे. आवाज इतका की ओरडून उपयोग नाही. म्हणून तो बोटांनी खुणा करतो आणि गाड्यावरचा माणूस त्याप्रमाणे ओंडका पुढे सरकवतो. दोन बोटं, तीन बोटं, मूठ. सगळा कारभार बोटांवर. आणि गिरणी ही तर बोटं खाणारी जागा! मग पुढे फळ्यांच्या कडा छाटायच्या, टोकं कापायची, आणि शेवटी त्या ज्या लांबलचक साखळीवर येतात तिला ग्रीन चेन म्हणतात. इथे माणसं ओळीने उभी. ओली, जड फळी सरकत येते. तिची जाडी, रुंदी, प्रत नजरेने ओळखायची, ती ओढून काढायची आणि योग्य ढिगावर रचायची. पुढची आलेलीच असते.

आपल्या माणसांची जागा ही, ग्रीन चेनची. पावसात, थंडीत, दहा-दहा तास. आणि त्याच कामाची मजुरी शेजारच्या गोऱ्या माणसापेक्षा कमी.

गिरणीच्या वरच्या मजल्यावर आणखी एक खोली असते. तिथे करवतींना धार लावतात. पट्टा करवत म्हणजे पोलादाची लांब गोल पट्टी. तिला नुसती कानस मारून भागत नाही. दातांची टोकं ठोकून रुंद करायची, पट्टीचा ताण हातोडीने ठोकून ठोकून जमवायचा, पट्टी आडवी धरून प्रकाशात तिचा बाक पाहायचा. ताण चुकला तर करवत लाकडात नागमोडी जाते, आणि फारच चुकला तर तुटून माणसाच्या अंगावर येते. हा कसबी माणूस गिरणीतल्या सर्वाधिक पगारवाल्यांपैकी एक. आणि ही खोली, ती मुख्य करवत, या जागा सर्वसाधारणपणे गोऱ्यांच्या. पंजाबातून येणाऱ्यांत पिढीजात सुतार नव्हते का? होते. लोखंड ओळखणारे नव्हते का? होते. पण दप्तरात ते सगळे ‘मजूर’.

मग यांचं कसब कुठे दिसतं? ॲबट्सफर्डला जा. तिथे टेकडीवर एक लाकडी गुरुद्वारा आहे, १९११ साली बांधून झालेला. गावात ट्रेथवे कुटुंबाची सॉ मिल होती, आमची माणसं तिथेच कामाला. मिलने लाकूड दिलं, आणि या माणसांनी ते तळ्याकाठच्या गिरणीतून पाठीवर वाहून टेकडीवर नेलं आणि बांधलं. दिवसभर जी फळी ओढायची तीच संध्याकाळी पाठीवर घ्यायची. बांधणी पाहिलीत तर गंमत वाटेल. घुमट नाही, कमान नाही. त्या काळच्या पश्चिमेकडच्या वस्त्यांत दुकानांना दर्शनी बाजूला उंच सपाट लाकडी भिंत असे, तसाच याचा दर्शनी भाग. खाली लंगर आणि राहायची सोय, वर दरबार. ज्यांना जे लाकूड कळलं होतं त्यात, ज्या पद्धतीची घरं आजूबाजूला होती त्या पद्धतीने त्यांनी आपलं देवघर बांधलं. २००२ साली कॅनडाने त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. मजुराने बांधलेलं आहे का ते? माझ्या मते मुळीच नाही. ते कारागिरांचं काम आहे.

आता सरकारकडे येतो.

१९०७ साली ब्रिटिश कोलंबियाने हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरात सीमेपलीकडे अमेरिकेत बेलिंगहॅम गावी जमावाने मिलमधल्या पंजाबी कामगारांना बिछान्यांतून ओढून गावाबाहेर हाकललं, आणि तीनच दिवसांनी व्हँकुव्हरमध्ये चिनी आणि जपानी वस्त्यांवर दंगल झाली. मग जानेवारी १९०८मध्ये तो प्रसिद्ध हुकूम आला. किती सभ्य हुकूम! त्यात हिंदी माणूस हा शब्दच नाही. जो मायदेशाहून थेट, मध्ये कुठे न थांबता, तिथूनच काढलेल्या तिकिटावर येईल तोच आत येईल. आणि हिंदुस्थानातून कॅनडाला थेट बोट होती का? असं सलग तिकीट कंपन्यांनी विकू नये याचाही बंदोबस्त झाला. वर आणखी, हिंदी माणसाने उतरताना २०० डॉलर दाखवायचे. दरवाजा उघडाच ठेवला, फक्त जिना काढून घेतला.

कोमागाटा मारूची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. मे १९१४मध्ये ३७६ प्रवासी घेऊन आलेलं जहाज दोन महिने व्हँकुव्हरच्या बंदरात उभं राहिलं आणि बहुतेकांना परत जावं लागलं. तिच्यावर पुस्तकं झाली, २०१६ साली कॅनडाच्या संसदेत पंतप्रधानांनी माफी मागितली. त्याबद्दल मी आज जास्त बोलणार नाही. मला त्याआधीच्या दोन वर्षांतली लहान गोष्ट सांगायची आहे, कारण ती कुटुंबाची आहे.

भाग सिंग आणि बलवंत सिंग हे व्हँकुव्हरच्या गुरुद्वाऱ्याचे पुढारी. दोघे कॅनडाचे कायदेशीर रहिवासी. दोघे बायकामुलांना आणायला पंजाबात गेले आणि १९१२च्या जानेवारीत परत आले. अधिकारी म्हणाले, तुम्ही उतरा, बायकामुलांनी परत जायचं. आता कल्पना करा, धक्क्यावर हातात गाठोडं घेऊन बाई उभी आहे, कडेवर मूल आहे, आणि तो साहेब तिला सांगतोय की तुझा नवरा या देशात राहू शकतो, तू नाही. महिनोन्महिने कज्जा चालला. शेवटी सरकारने त्यांना राहू दिलं, पण हक्क म्हणून नाही, मेहेरबानी म्हणून. पुढे कोणी या उदाहरणावर बोट ठेवू नये यासाठी ही काळजी. बलवंत सिंगांचा मुलगा त्याच वर्षी व्हँकुव्हरला जन्मला. कॅनडात जन्मलेलं पहिलं शीख मूल म्हणून त्याचं नाव घेतात. भाग सिंगांची पत्नी हरनाम कौर १९१४च्या जानेवारीत बाळंतपणात गेली. त्याच सप्टेंबरात भाग सिंगांना गुरुद्वाऱ्यात, अरदासीच्या जागी, गोळ्या घातल्या गेल्या. गोळ्या घालणारा इमिग्रेशन खात्याच्या खबऱ्यांतला. बलवंत सिंगांना १९१७ साली लाहोरला फाशी झाली. पाच वर्षांत दोन संसार संपले, आणि हे दोन संसार म्हणजे त्या वेळी तिथे उभ्या राहिलेल्या मोजक्या संसारांपैकी!

मग बाकीचे कसे राहत होते? बंकहाऊसमध्ये. लाकडी लांबट खोली, दोन्ही बाजूंना फळ्यांचे पलंग, मध्ये स्टोव्ह, दोरीवर वाळत घातलेले ओले कपडे. शेजारी कूकहाऊस. सगळ्यांनी वर्गणी काढायची, एक स्वयंपाकी ठेवायचा, पीठ, डाळ, लोणी, दूध एकत्र भरायचं. ज्याला काम नसेल त्याने वर्गणी काम लागल्यावर द्यायची, तोवर जेवायचं. हे न लिहिलेलं, पण पाळलेलं. आपल्या गिरणगावातले गाळे आणि खाणावळी तुम्हाला आठवतील. एक फरक मात्र आहे आणि तो मोठा आहे. कोकणातला गडी शिमग्याला, गणपतीला गावी जाऊन येई. इथला माणूस गेला तर त्याला परत येऊ देतील याची खात्री नसे. म्हणून तो जातच नसे. दहा वर्षं, पंधरा वर्षं. पंचविशीत सोडलेली बायको चाळिशीला टेकली, पाळण्यातला मुलगा मिसरूड फुटलेला. त्या मुलाला बाप म्हणजे काय? मनीऑर्डर.

मी जरा विषयांतर करतो, पण ते इथल्या श्रोत्यांच्या हक्काचं आहे. अशा बंकहाऊसांतूनच, सीमेच्या दक्षिणेला ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या सॉ मिलमधूनच, गदर पक्ष उभा राहिला. सोहन सिंग भकना पोर्टलंडजवळच्या मिलमध्ये कामगार होते. ॲस्टोरिया गावच्या मिलवस्तीत १९१३ साली ज्या बैठका झाल्या त्यांतून संघटना आकाराला आली. आणि या मंडळींत आपले दोघे होते. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे, जे त्या वेळी तिकडे शेतीशास्त्र शिकत होते. आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात सात जणांना फाशी झाली, त्यांत कर्तारसिंग सराभा आणि पिंगळे होते. सराभाने काही दिवस ॲस्टोरियातल्या पंजाबी मिल कामगारांत काढले होते. पिंगळ्यांचं नाव आपण घेतो ते क्रांतिकारकांच्या यादीत. त्या यादीमागे करवतीचा भुसा आहे हे सहसा कोणी सांगत नाही.

पुन्हा मूळ वाटेवर येऊ. पहिल्या महायुद्धात हिंदी शिपाई फ्रान्समध्ये मेले आणि लंडनमधल्या साम्राज्य परिषदेत थोडी लाज वाटली. आधीपासून कॅनडात राहणाऱ्यांना बायका आणि लहान मुलं आणता येतील, असं १९१९मध्ये मान्य झालं. झालं का काम? कुठलं! नवराबायको आहेत हे कोणी प्रमाणित करायचं, कोणत्या कचेरीने नोंद करायची, यातच वर्षं गेली. विशीच्या दशकात बायका येऊ लागल्या त्या अगदी थोड्या.

आणि इथे मला एका गावात तुम्हाला न्यायचं आहे. व्हँकुव्हर बेटावर डंकन नावाचं शहर आहे, त्याच्या पश्चिमेला काउइचनच्या खोऱ्यात हे गाव. गावाचं नाव पाल्डी. पंजाबातलं पाल्डी होशियारपूर जिल्ह्यात. तिथला मेयो सिंग १९०६ साली कॅनडात आला, सॉ मिलमध्ये मजुरी केली, लाकूड शिकला. मग त्याने आणि काही गाववाल्यांनी पैसे एकत्र करून आधी फ्रेझर नदीच्या खोऱ्यात एक लहान मिल चालवली, आणि १९१७च्या सुमारास बेटावर येऊन रेल्वेलाइनशेजारी जंगल घेतलं. त्याचा भागीदार कपूर सिंग. मेयो जंगल आणि करवत पाहणारा, कपूर सिंग हिशेब आणि पत्रव्यवहार पाहणारा. अशी जोडी जमली की धंदा चालतो, तो चालला.

त्यांनी मिल उभारली आणि मिलभोवती गाव उभारलं. लाकूड घरचंच. घरं, बंकहाऊस, दुकान, शाळा, आणि १९१९ साली गुरुद्वारा. जपानी कुटुंबं आली, त्यांनी आपलं देऊळ आणि भाषेची शाळा काढली. चिनी कामगार आले, गोरे आले. बंकहाऊस वेगवेगळी, हे मान्य. मी पाल्डीचं नंदनवन करून दाखवणार नाही. पण शाळेत मुलं एकत्र बसत. आणि मालक पंजाबी असल्यामुळे पंजाबी माणसाला ग्रीन चेनच्या वर चढायची वाट इथे मोकळी होती. गावाला आधी मेयो हेच नाव होतं. पण युकॉनमध्येही एक मेयो होतं आणि टपालाचा घोटाळा व्हायचा. म्हणून १९३६ साली नाव बदलून पाल्डी ठेवलं. कॅनडाच्या नकाशावर पंजाबातल्या खेड्याचं नाव आलं ते पोस्टाच्या अडचणीमुळे. इतिहास कधीकधी असा सरळ असतो.

मेयो सिंगांची पत्नी बिशन कौर, कपूर सिंगांची पत्नी बसंत कौर, दोघीही विशीच्या दशकात आल्या. बायका आल्या आणि गावाचं गाव झालं. त्याआधी ती छावणी होती. कपूर सिंगांच्या दोन मुली, जगदीस आणि सरजित, डॉक्टर झाल्या आणि १९५९ साली पंजाबातल्या औड गावी त्यांनी रुग्णालय सुरू केलं. बाप मिलच्या हिशेबवह्या लिहीत होता, मुली औषधाच्या चिठ्ठ्या लिहू लागल्या.

१९४२ साली सरकार पुन्हा वंशावळीत शिरलं, या वेळी शेजाऱ्याच्या. पर्ल हार्बरनंतर किनाऱ्यापासून शंभर मैलांच्या आतल्या सगळ्या जपानी वंशाच्या लोकांना हलवण्यात आलं. पाल्डीची जपानी कुटुंबं गेली. त्यांतली किती तरी मुलं त्याच गावात जन्मलेली, त्याच शाळेत शिकलेली. १९४५मध्ये मिल बंद झाली. मेयो सिंग १९५५ साली गेले. आज तिथे गुरुद्वारा आहे, तो नंतर पुन्हा बांधलेला, आणि भोवती थोडी घरं.

संसार आले तसे कामगारही बदलले. पोटापाण्याची चिंता एकट्याची असते तेव्हा माणूस कमी मजुरी गिळतो. घरी चार तोंडं असली की तो संघटनेकडे वळतो. १९३७ साली होशियारपूरच्या लंगेरी गावचा दर्शन सिंग संघा व्हँकुव्हरला आला, मिलमध्ये कामाला लागला, आणि पुढे लाकूड कामगारांच्या युनियनचा संघटक झाला. मिलमिलमधून फिरून तो पंजाबीत बोलायचा. १९४६च्या उन्हाळ्यात ३७,००० लाकूड कामगार संपावर गेले. मागणी तासाला २५ सेंट वाढ आणि ४० तासांचा आठवडा. मिळाले १५ सेंट. पण एक झालं, गोरा, चिनी आणि पंजाबी एकाच रांगेत उभे राहिले. पुढच्या वर्षी, एप्रिल १९४७मध्ये, हिंदी लोकांना मताधिकार परत मिळाला. तो मिळवण्यासाठी ऑटावा-व्हिक्टोरियाच्या फेऱ्या मारणाऱ्यांत कपूर सिंग होते आणि मेयो सिंगही. मालक आणि मजूर एकाच अर्जावर. संघा भारतात परतला, कम्युनिस्ट पक्षाकडून पंजाब विधानसभेत निवडून आला आणि १९८६ साली अतिरेक्यांनी त्याची हत्या केली. त्याच्या नावापुढे लोक शेवटपर्यंत ‘कॅनेडियन’ लावत.

शरीराचाही एक इतिहास असतो, तो वंशावळीत कोणी लिहीत नाही. लाल सीडरच्या भुशात एक आम्ल असतं, त्याने काहींना दमा जडतो. व्हँकुव्हरच्या डॉक्टरांनी सत्तरच्या दशकात यावर बारकाईने काम केलं. तोवर किती घरांत ‘आजोबांना थंडी बाधायची’ असं म्हटलं गेलं असेल? १९६८ साली इंग्लंडहून आलेला उज्जल दोसांझ नावाचा तरुण सॉ मिलमध्ये कामाला लागला, तिथे पाठीला दुखापत झाली, मिल सुटली, म्हणून तो शिकायला गेला, वकील झाला, आणि २००० साली ब्रिटिश कोलंबियाचा मुख्यमंत्री झाला. एवढ्यावरून मिलने माणसं घडवली असं कोणी म्हणू नये. पाठ मोडलेले बाकीचे घरीच बसले. आणि भुसा नुसता फुप्फुसात जात नाही, पेटतोही: २०१२ साली बर्न्स लेक आणि प्रिन्स जॉर्ज इथल्या दोन मिल तीन महिन्यांच्या अंतराने भुशाच्या स्फोटांनी उडाल्या, दोन्हीकडे माणसं मेली.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो या सभागृहातल्या तरुण अभ्यासकांसाठी. ज्याच्या घरात सनदा नाहीत त्याचा इतिहास शोधायचा कुठे? शोधायचा सरकारच्याच कागदांत. ज्या सरकारने अडवलं त्याने प्रत्येक अडवणुकीची नोंद ठेवली आहे. बोटींच्या याद्या, उतरताना दाखवलेले पैसे, हद्दपारीच्या सुनावण्या, १९१७पासूनचे अपघात भरपाईचे अर्ज. आणि जनगणना. कॅनडात जनगणनेचे घरोघरचे तक्ते ९२ वर्षांनी खुले होतात. १९२१चे २०१३मध्ये झाले, १९३१चे २०२३मध्ये. बंकहाऊसच्या पानावर एकाखाली एक सिंग, सिंग, सिंग, आणि विवाहित असूनही बायकोची ओळ नाही, हे त्यांत दिसतं. १९४१चे तक्ते २०३३ साली खुले होतील. पाल्डीची पंजाबी, जपानी, चिनी आणि गोरी कुटुंबं शेजारी शेजारी नोंदवलेली ती शेवटची जनगणना. ते तक्ते उघडतील तेव्हा माझं वय काय असेल ते मी सांगत नाही, पण समोर बसलेल्यांपैकी काहींना ते वाचता येतील. त्यांनी ते वाचावेत आणि याच व्यासपीठावर येऊन सांगावेत.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिलं आहे. मी थांबतो, प्रश्न असतील तर घेऊ.